बोरमाळेच्या मागावर: अमरावती ते बार्शीटाकळी

खरं सांगतो, मी काही देवदर्शनाला निघालो नव्हतो. आळीत कोणी विचारलं तर "अकोल्याच्या राजेश्वराला जाऊन येतो" म्हणत होतो, आणि आत चुलीपाशी आमची सरू पदरात तोंड घालून हसत होती. बायकोपासून काय लपतं? मी निघालो होतो भांडायला. तेही कोणाशी, तर पाठच्या सख्ख्या बहिणीशी.

झालं असं. अमरावतीच्या सराफ्यात माझं सोनाराचं दुकान आहे. सध्या अमेरिकेत कुठं लढाई लागली म्हणतात, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीला असा भाव आला की विचारू नका. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या. काल ज्या बाईच्या गळ्यात गुंजांची माळ होती ती आज भरीव गोफ मागते. मीही बापाचं जुनं काम बाजूला ठेवलं आणि भरीव सोन्याच्या मागं लागलो. धंदा बरा चालला होता. अशात एक शेतकरीण बोरमाळेचा फासा दुरुस्त करायला आली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोरमाळेचा मणी बोराएवढा, पातळ सोन्याच्या पत्र्याचा, आतून पोकळ. त्या पोकळीत गरम लाख भरायची. दिसायला भरगच्च, गळ्याला हलका, बाई दिवसभर निंदायला वाकली तरी चेपत नाही. चेपला, तर समजा सोनार कच्चा. मी तिच्या माळेचा एक मणी चिमटीत धरून दाबला. ढिम्म हलला नाही. उलटून पाहिला, सांधा दिसेना.

"कोनं केली ही?" मी विचारलं.

"अकोल्याच्या गंगू सोनारनीनं," ती म्हणाली. "लय नाव हाय तिचं. बार्शीटाकळीच्या पाटलाच्या नातीची माळ पन तिच्याकडंच देली म्हन्ते."

गंगू म्हणजे माझी बहीण. आणि बार्शीटाकळीचे पाटील म्हणजे आमचं घर! आमचा बाप मूळचा तिथला. पेठ वाढली म्हणून मी अमरावतीला आलो, पण घरचा सोनार तो घरचा सोनार. बाळाच्या बाळ्यांपासून नवरीच्या माळेपर्यंत त्या घराचं सगळं काम बापानं केलं, बापामागं मी. असं घर कोणी दुसऱ्याचं नेत नाही, सोनारात तो रिवाजच नाही. आणि माझं घर नेलं कोणी, तर लग्न करून दिलेल्या बहिणीनं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता इतकं सांगितलंच आहे तर मुळापासून सांगतो. लहानपणी आम्ही दोघं बापाच्या बागेसरीपाशी, म्हणजे सोनाराच्या शेगडीपाशी, बसायचो. बाप मला पत्रा ठोकायला द्यायचा आणि लाख द्यायचा तिच्या हातात. मी थोरला, मी मुलगा, ठसे-हातोड्या सगळं पुढं मलाच मिळायचं होतं. तरी भरलेला मणी हातात घेतला की बाप पसंतीनं मान हलवायचा तो तिचा मणी पाहून. बोलायचा काही नाही. मान हलवायचा. ती मान मला अजून दिसते.

"बहीनच हाय ना तुमची," सरू म्हणाली. "परक्यानं तं नाय नेलं घर."

"परक्यानं नेलं असतं तर मी जेवून झोपलो असतो," मी म्हणालो.

तिनं माझ्या गाठोड्यात खणाचा तुकडा आणि नारळ बांधला. भांडायला निघालात तरी बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं जाता येत नाही. मी माझी हत्यारं घेतली, फुंकणी घेतली, बाजारातून आणलेल्या लाखेच्या चार कांड्या घेतल्या. अर्धवट झालेली माळ तिच्याकडून काढून आणायची आणि पाटलाच्या ओसरीवर बसून मीच पुरी करायची, असा बेत होता.

जाणार असाल तर पहिली गोष्ट, गाडी आधी ठरवा. ऐनवेळी मिळत नाही. गावातल्या सगळ्या गाड्या कापूस वाहून राहिल्यात. पूर्वी ज्या भाड्यात मूर्तिजापूर गाठायचो त्यात आता गाडीवान बडनेऱ्याला उतरा म्हणतो. मला किसना नावाचा गाडीवान मिळाला, त्याचा छकडा बरा, बैल त्याहून बरे, तोंड मात्र सुटलेलं. दुसरी गोष्ट, माघ-फाल्गुनातच निघा. पावसाळ्यात या काळ्या मातीत चाक एकदा रुतलं की पुढच्या पिढीनं काढावं.

बडनेऱ्यापर्यंत रस्ता म्हणजे नुसती कापसाच्या गाड्यांची रांग. बोऱ्यांतून निसटलेला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांवर अडकून पांढरा झालेला. धूळ इतकी की मी तोंडाला उपरणं बांधलं आणि डोळे मोकळे ठेवले, कारण मला पाहायचं होतं. काय पाहायचं? गळे. सोनार माणूस, आधी गळा पाहतो मग तोंड. आणि त्या दिवशी तर मी हिशेबच मांडला होता, कुठल्या गळ्यात काय आणि कोणाच्या हातचं.

किसनाच्या ते लवकरच ध्यानात आलं. "सोनारदादा," तो म्हणाला, "बायाइच्या गळ्याकडं असं पाहून राह्यसान तं मार खासान. माह्या बैलाइले पन पडन."

बडनेऱ्याच्या पुढं आगगाडीच्या लोखंडी सडकेसाठी मातीचा भराव घालणं चाललं आहे. शेकडो बाया-माणसं टोपली वाहतात. आम्ही बैलांना पाणी पाजायला थांबलो तिथं एक बाई टोपलं उतरवून उभी होती. गळ्यात लालभडक गुंजांच्या तीन-चार सरी, मनगटात लाखेच्या जाड बांगड्या, केसांत कवड्या.

"गुंजा कुठल्या व?" मी विचारलं.

"रानातल्या. कुठल्या म्हन्जे?" ती म्हणाली. "वावराच्या कुपाटीवर वेल असते, शेंगा फुटल्या की वेचाव."

"आता तं मजुरी चांगली भेटते म्हन्ते. सोनं काहून नाय करत?"

"सोनं चोर नेते. गुंज कोन नेते?" असं म्हणून ती हसली आणि टोपलं घेऊन गेली.

बाप म्हणायचा, आपल्या मुलखात आधी रान होतं, मग सोनं आलं. आज्या-पणज्यांच्या काळी बायांचे दागिने रानातनंच यायचे. गुंजा ओवायच्या, लाकडाचे मणी कातून रंगवायचे, बोरीच्या नि पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून तिच्या बांगड्या वळायच्या. लाख धुतल्यावर जे तांबडं पाणी निघतं त्याचा अळता करून पायाला लावायचा, काही वाया जात नसे. मग कधीतरी कोणा हिकमती सोनारानं लाखेच्या मण्यावर चिमूटभर सोनं चढवलं आणि कास्तकाराच्या बायकोला सोनं घालता आलं. त्या सोन्याचं वजन करायला पुन्हा गुंजच. माझ्या तराजूत आजही गुंजा आहेत. हे सगळं मला येतं, मी बापाकडून ऐकलं आहे. मग नाव गंगूचं का, हा माझा प्रश्न होता आणि तो मी बडनेरा ते मूर्तिजापूर बैलांच्या शेपट्यांकडे पाहत स्वतःला विचारत होतो.

दुपारी एका आंबराईत थांबलो. तिथं एक म्हातारा गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजून वाटसरूंना विकतो. जाडजूड रोडगा फोडायचा, त्यावर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. दोन आण्यांत दोघांचं पोट फुटेस्तोवर झालं. थांबाच तिथं. फक्त मिरची कमी घाला म्हणू नका, तो ऐकत नाही आणि वर चारचौघांत विचारतो, "पुन्याचे का तुमी?"

तिथंच विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका सुनेच्या गळ्यात मला पुन्हा बोरमाळ दिसली. मी विचारायच्या आधी किसनानंच विचारलं, "बाई, माळ कुठची व?" "अकोल्याची," ती म्हणाली आणि मला उगीच ठसका लागला. किसनानं पाण्याचा लोटा पुढं केला आणि हसू दाबलं.

संध्याकाळच्या आत मूर्तिजापूर गाठलं. धर्मशाळा स्वच्छ आहे, वाणी शिधा देतो, सरपण वेगळं विकत घ्यावं लागतं, ते आधी विचारून घ्या. त्या दिवशी बाजार होता. एका कोपऱ्यात दोघं बाप-लेक लाखेच्या काड्या घेऊन बसले होते. फांदीच्या तुकड्यांवर तांबूस खवले चढलेले, किड्यानं आपलं घर बांधलेलं असतं ते. काड्यांचे दोन ढीग होते. मी चांगल्या ढिगाला हात घातला.

"ते इकलं गेलं," म्हातारा म्हणाला. "बोरीवरची लाख सारी अकोल्याच्या सोनारनीची. पळसाची पाह्यजे तं घ्या."

"म्हन्जे अख्ख्या मुलखाची बोरीची लाख ती घेते का?"

"आमची तं घेते. सोता येते. दातानं काडी तोडून पाह्यते, मंग घेते. तिचा बाप पन असाच पाहे म्हन्ते."

तिचा बाप! अरे, तो माझाही बाप होता की! पण मला आठवेना, बाप दातानं काडी तोडायचा ते मी कधी पाहिलं होतं का. मी त्या वेळी पत्रा ठोकत असणार. मी त्या म्हाताऱ्याकडून काहीच घेतलं नाही. माझ्याजवळ बाजारातली तयार लाख होती, स्वच्छ, चकचकीत, कांडीच्या आकाराची. कोण बसतं हल्ली काड्या खरवडत?

मूर्तिजापूर ते अकोला हा टप्पा लांब आहे, पण मला आवडला असता, जर डोकं थंड असतं तर. दोन्हीकडं वेचणी संपत आलेली पऱ्हाटी, मधून तुरीचे गंज. काटेपूर्णेला गुडघाभर पाणी, बैल आनंदानं उतरले. बोरगावला ताक फुकट मिळालं. अकोला जवळ आलं तसं कापसाचे ढीग वाढले, दलाल, तोलारी, नाकात भुर्र तपकीर ओढणारे मारवाडी, कुठल्याशा साहेबाचा तंबू. खाणावळ-बिनावळ काही शोधू नका, ओळखीच्याकडंच उतरा. मोर्णा ओलांडली की जुनं शहर लागतं. गल्ल्या इतक्या अरुंद की छकडा नदीपाशीच सोडावा लागला.

बहिणीचं घर विचारावं लागलं नाही. "सोनारनीकडं का?" असं एकानं आपणहून विचारलं. मी काही म्हणालो नव्हतो. माझ्या हातातली फुंकणी पाहून त्याला वाटलं असेल मी तिचा कारागीर आहे.

दारात तीन बायका रांग लावून बसलेल्या. भाऊजी, म्हणजे गंगूचा नवरा, ओट्यावर तराजू घेऊन. तोही सोनारच, पण गरीब माणूस, मला पाहून उठला आणि आत हाक मारली. गंगू बाहेर आली. पूर्वीपेक्षा अंगानं भरलेली, कपाळाला काजळी, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लाखेच्या पाण्यानं तांबडे.

"दादा! अगं बाई! कसा काय वाट चुकला गा?" आणि तशाच तांबड्या हातानं माझी बोटं धरली.

मी खण दिला, नारळ दिला. तिनं खण डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता नको बोलूया, जेवण होऊ द्यावं. पण तेवढ्यात दारातली एक बाई दुसरीला म्हणाली, "हा भाऊ व तिचा. अमरावतीले असतो. हा बी थोडंबहुत करते म्हन्ते."

थोडंबहुत! झालं. मी पायही न धुता तिथंच सुरू केलं.

"पाटलाचं घर आपल्या बापाचं, हाय का नाय?"

"हाय."

"बापामागं कोनाचं?"

गंगूनं हात पुसले. "तुहं."

"मंग तू काहून नेलं?"

"मी नाय नेलं, दादा. थोरली पाटलीन सोता इथी आली. म्हनली, तुह्या भावाले बोरमाळ सांगतली तं तो म्हन्ते भरीवच कर, लाखेचं आता कोन घालते. मले तं माह्या लग्नातल्यासारखी पाह्यजे. मी काय तिले दारातून वापस पाठवू?"

हे खरं होतं. मी तसं म्हणालो होतो, दिवाळीच्या सुमारास. पण खरं असलं म्हणून काय पोटातलं दुखणं थांबतं?

"ते मले नाय मालूम," मी म्हणालो. "घर माहं हाय. माळ मी पुरी करतो."

भाऊजी काही बोलणार होता, तिनं त्याला नजरेनं गप्प केलं. मग आत गेली, अर्धी ओवलेली माळ, उरलेलं सोनं, गुंजा आणि तराजू घेऊन आली. "सोनं पाहून घे," म्हणाली. "घर तुहंच हाय, ने. फक्त एक ऐक. बाजारची लाख घालू नोको. त्यात राळ लय असते, आपल्या उनात नरम पडते. हा गोळा ने माह्याजवळचा. बोरीची हाय, सात पाण्यानं धुतलेली, जुन्या विटेचं पीठ घातलेलं."

तिनं तळहातावर लाखेचा गडद गोळा धरला होता. मी तो घेतला नाही.

"बहिनीच्या घरचं घेत नसते," मी म्हणालो. "माहेरच्या मानसानं द्याचं असते."

कसा साळसूदासारखा रिवाज पुढं केला! सगळ्या गल्लीला पटेल असा. आणि आत काय, तर तिच्या लाखेनं माझे मणी भरले असते तर ते पुन्हा तिचेच झाले असते. गंगूनं गोळा परत कोनाड्यात ठेवला. जेवायला शेवया केल्या होत्या. मी खाल्ल्या, चव विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीटाकळी. अकोल्याहून दक्षिणेला जाताना रस्ता जरा चढउताराचा, पण सावली आहे आणि फाल्गुनाच्या तोंडाला पळस पेटलेला असतो. गावात हेमाडपंती देऊळ आहे, दगडातलं कोरीव काम पाहण्यासारखं, अर्धा दिवस द्याच. तिथल्या एका दगडी बाईच्या गळ्यात गोल मण्यांची माळ कोरली आहे. मी लहानपणी ती मोजायचो. या वेळी पाहिलीच नाही, तडक पाटलाकडे गेलो. गंगूनं अर्धी केलेली माळ मीच पुरी करून देतो म्हणालो; घरचाच सोनार, कोणी नको म्हटलं नाही.

तिकडं रिवाज असा की सोनारानं गिऱ्हाइकाच्या घरी येऊन, ओसरीवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम करायचं. सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यातलं सोनं सोडत नाही म्हणतात ना, म्हणून एक बाई समोर पहाऱ्याला बसते. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी बागेसरी मांडली, पत्रा ठोकला, अर्ध्या मण्याच्या वाट्या पाडल्या, सांधल्या. पाटलाच्या सुना कौतुकानं पाहत होत्या. पत्र्याच्या कामात मला कोणी हरवू शकत नाही, हे मी आजही म्हणतो. मग बाजारची लाख वितळवून मणी भरले, ओवले, आणि चिंचेच्या पाण्यानं घासून माळ लखलखीत केली. गंगूचे मणी कुठं संपतात आणि माझे कुठं सुरू होतात ते माझं मलाही दिसेना. मी खूश झालो.

दुपारी ऊन भरात असताना थोरली पाटलीण माळ पाहायला बसली. पाटलाची आई ती, गळ्यात स्वतःची बोरमाळ, माझ्या बापानं केलेली. तिनं नवी माळ डोळ्यांनी पाहिलीच नाही. मुठीत धरली, आणि लग्नाच्या वऱ्हाडाबद्दल, आचाऱ्याबद्दल बोलत राहिली. बराच वेळ. मग मूठ उघडून एकेक मण्यावर अंगठ्याचं नख दाबत गेली. अर्ध्या माळेपर्यंत नख सरसर सरकत गेलं. तिथून पुढच्या मण्यात ते रुतलं. जरासंच. पण त्याच्या पुढच्यातही रुतलं.

"पाह्य सोनारा," ती म्हणाली आणि माळेचा पहिला अर्धा भाग उचलून धरला, "हे तुहे मनी. तुह्या बापाचा हात हाय यात. याच ओसरीवर बसून त्यानं माहे केले होते, अस्सेच. हात उतरला तुह्यात, बापा."

मी पाण्याचा लोटा तोंडाला लावला.

"अन् हे बाकीचे गंगूचे, नाय का?" तिनं चेपलेला मणी सुनांना दाखवला. "नखानं चेपून राह्यले. बाईमानसाचं काम, चार दिस नाव होते, मंग संपलं. बरं झालं तू आला ते. आता घरचं काम तूच करत जाय."

एक सून हसून म्हणाली, "नाव लय मोठं, काम पोकळ."

काय सांगू तुम्हाला! मला जे पाहिजे होतं ते सगळं त्या ओसरीवर, त्या एका मिनिटात, ताटात वाढून मिळालं. घर मिळालं, नाव मिळालं. बापाचा हात मिळाला, जो बापानं स्वतः मला कधी दिला नाही. मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं. आणि मी बसलोही होतो, खोटं कशाला बोलू, चांगला एक घोट पाणी पिऊन होईपर्यंत बसलो होतो. पण ती सून पुन्हा हसली. आणि माझं डोकं सणकलं. गंगूला नावं ठेवायची तर मी ठेवीन, जन्मभर ठेवली आहेत. तू कोण गं?

"उलटं हाय, माय," मी म्हणालो. "घट्ट ते गंगूचे. चेपले ते माहे."

पाटलीणबाईनं मान वर केली. "तुहे?"

"माहे. बाजारची लाख घातली. ती घरची देऊन राह्यली होती, मी घेतली नाय."

"काहून?"

"बहिनीच्या घरचं घेऊ नये म्हनून."

"हे खरं कारन हाय का?"

"नाय," मी म्हणालो.

पाटलीणबाई रागावली नाही, ते जास्त झोंबलं. माळ माझ्या हातात देत म्हणाली, "मंग तिलेच दे पुरी कराले. अन् तिले म्हन, या घरचं काम आता तिनंच पाहाव." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बापाच्या घरात मी सोनार म्हणून गेलो आणि निरोप्या होऊन बाहेर पडलो.

अकोल्याला परतताना किसना एक शब्द बोलला नाही. यावरून समजा माझं तोंड कसं झालं असेल.

गंगू बागेसरीपाशीच होती. मी माळ तिच्यापुढं ठेवली, चेपलेले मणी दाखवले. म्हणालो, "लाख दे." तिनं विचारलं नाही की रिवाजाचं काय झालं. कोनाड्यातला गोळा काढून शेगडीजवळ मऊ करायला ठेवला आणि म्हणाली, "तू वाट्या पाड. माह्या वाट्या तुह्यासारख्या नाय होत." मी माझे मणी फोडले, खराब लाख काढली, पुन्हा वाट्या पाडायला बसलो. तिनं भरायला घेतलं. भरताना ती मणी जरा तिरका धरते आणि लाख थंड व्हायच्या आधी सुई आत फिरवते. मी पाहत होतो. येईल का मला? नाही येणार, ते मला तिथंच कळलं.

"काय म्हनली बुढी?" तिनं विचारलं.

सांगू नये असं फार वाटलं. माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. पण सांगितलं. "तुह्या मन्यात बापाचा हात हाय म्हनली."

तिनं तोंडातली फुंकणी काढली.

"मले कधी म्हनलं नाय बापानं," ती म्हणाली. "एकदा बी नाय. मले वाटे, तुले म्हनत असन."

आणि मला वाटायचं, तिला म्हणत असेल. इतकी वर्षं मी जिच्यावर जळलो तिच्याही पदरात काही पडलेलं नव्हतं. आणि आज पडलं ते माझ्या हातून. यानंही मी थोडा जळलोच, लपवत नाही.

"फूक," ती म्हणाली, "इस्तो चालला." मी विस्तव फुंकला.

परतीच्या वाटेचं काय वर्णन करू, तीच धूळ, तेच रोडगे, फक्त किसनानं भाड्यात चार आणे सोडले. घरी सरूनं विचारलं, "मंग, आले का भांडून?" मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हन्जे घर गेलं." गेलं. पाटलाच्या नातीच्या लग्नाला गंगूला नवरीकडचं लुगडं मिळालं, ओटी भरली, पंगतीत मान मिळाला. मलाही आवतण होतं. मी कामाचं निमित्त सांगून गेलो नाही. इतका मोठा मी अजून झालेलो नाही.

काय उरलं विचाराल तर सांगतो. जळणं उरलं. रात्री जेवताना अचानक आठवतं ते नख, सरसर सरकणारं आणि मग रुतणारं. पण आता माझ्या दुकानी कोणी बोरमाळ मागायला आलं की मी बाजारची लाख काढत नाही, आणि भरीव घ्या असंही म्हणत नाही. रस्ता सांगतो. तोच तुम्हालाही सांगतो, कारण एवढं लांबलचक लिहिलं ते बहुतेक त्यासाठीच. अकोल्याला मोर्णा ओलांडा, गाडी नदीपाशी सोडा, जुन्या शहरात कोणालाही सोनारनीचं घर विचारा. सकाळी जा, दुपारी ती लाख धुते. घाई करू नका, भाव पाडू नका. कोणी पाठवलं असं तिनं विचारलं, तर भावानं पाठवलं म्हणून सांगा. नाही विचारलं, तरी सांगा.